विचारलं तिला होतं

बायको गेली तेव्हा मी दाराच्या चौकटीवर डोकं आपटून रडलो. सगळ्या गल्लीने पाहिलं. नानाचा फार जीव हो तिच्यावर, असं म्हणाले लोक. का आपटत होतो, ते एकालाही कळलं नाही. मी कळू दिलं नाही. इतकी वर्षं नाही. पोटच्या मुलीलाही नाही.

तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. तेच बरं. ओळखीच्या तोंडाकडे बघून हे माझ्याने निघत नाही — किती वेळा तोंड उघडलं आणि पाणी मागून गप्प झालो. मी सातवी नापास माणूस. हयात चुलीपुढे गेली. लिहिताना वाक्य वाकडंतिकडं आलं तर येऊ द्या. फक्त मधेच हळहळू नका. हळहळ दिसली की मला हल्ली संताप येतो.

तर — कुठून धरू?

मी आचारी. बडोद्यातली जुनी मराठी घरं, ज्यांचे आजे-पणजे राजाच्या कचेरीत बसायचे आणि नातवंडं आता बँकेत नाहीतर कॉलेजात बसतात, त्यांच्याकडची लग्नं, मुंजी, साठीशांत, सगळं माझ्या हातचं. माझ्या हातचं असं म्हणायचे. भाजी, आमटी, मसालेभात माझा. पण लोक ज्यासाठी पुन्हा बोलवायचे ती पुरणपोळी सुशीलाची. सुशीला म्हणजे माझी बायको. पोळी पातळ, पुरण कडेपर्यंत, तव्यावर पडली की टम्म. आणि डोकं कसलं! कुठल्या घरात लसूण चालत नाही, कुठल्या आजीला दात नाहीत म्हणून तिची पोळी आधीच तुपात भिजवून ठेवायची, कोणत्या जावयाला वेलदोडा नको, जायफळ हवं — सगळं तिच्या डोक्यात. मला विचाराल तर काल काय जेवलो ते सांगता यायचं नाही.

हे डोक्याचं ध्यानात ठेवा.

तिला कावीळ होती. डोळे पिवळे होतात आणि महिन्याभरात उतरते ती नव्हे. दुसरी, रक्तात ठाण मांडून बसणारी, सी जातीची. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की आमच्या मुलीच्या, वंदनाच्या वेळी बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून आली असणार. तेव्हा रक्तात हा रोग कोणी शोधतच नव्हतं. म्हणजे बघा, पोरगी मोठी झाली, लग्न होऊन मकरपुऱ्याला गेली, तिला मूल झालं, तोवर हा रोग सुशीलाच्या आत बसून यकृत कुरतडत होता, आणि ती माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटत होती. त्यात माझा दोष नाही. — बघा. दोष कुठे नाही ते आधी सांगून मोकळा झालो. ही माझी सवय.

कळलं कसं? हातावर डाग पडायला लागले. बांगडी जरा जोरात सरली तरी खाली रक्त साकळून काळंनिळं. दात घासले की थुंकी लाल. नाकातून रक्त सुरू झालं की दुपारभर थांबायचं नाव नाही. शेजारच्या कोकिळाबेनने तर मला एकदा जिन्यातच अडवलं. "काका, मासी पर हाथ उपाडो छो?" बायकोवर हात टाकता का, असं तोंडावर विचारलं. मी केवढा भडकलो! उभ्या जन्मात मी तिला बोट लावलेलं नाही, आणि ते खरं आहे. त्या गोष्टीचा मला फार गर्व होता. हात न लावताही माणूस मारता येतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

दवाखान्यातली डॉक्टरीण गुजराती, वंदनाच्या वयाची. तिने मला समोर बसवलं. म्हणाली, "काका, रसोइया छो ने? दहीं मेळववा मेळवण जोईए ने? लोहीने पण जोईए. ए मेळवण लिवर बनावे." दह्याला जसं विरजण लागतं, तसं रक्त गोठायलाही लागतं, आणि ते विरजण यकृतात तयार होतं. हिचं यकृत दगड होत चाललंय, विरजण संपत आलंय. वर डाव्या बाजूची ती प्लीहा का काय, तीही सुजलीय, ती रक्त थांबवणारे कण आतल्या आत अडवून ठेवते. म्हणून एकदा रक्त वाहायला लागलं की लवकर थांबायचं नाही. कुठे काही कापायचं झालं, दात काढायचा झाला, तरी आधी या आजाराचं नाव सांगायचं. आम्हाला विचारायचं. आम्ही रक्त तपासू, लागलं तर रक्तातलं पिवळं पाणी आधी चढवू, आणि मग दात. — दात. दाताचं नाव घेऊन सांगितलं होतं तिने. तेव्हा अडाणी माणूस, कळलं नसेल बिचाऱ्याला, असं कोणी म्हणू नये. आचाऱ्याला विरजण कळत नाही?

मग ते लपवायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

आमच्या धंद्यात एक होता. त्याला क्षय झाला. औषधं घेऊन खडखडीत बराही झाला, पण एकदा बोभाटा झाला तो झालाच. त्याच्या हातचं पाणी कोणी घेईना. शेवटी सावली गावाला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासत होता. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. आचाऱ्याची बायको, तिला कावीळ, तीही न उतरणारी. कोण खाईल पोळी? हा रोग अन्नातून जात नाही, रक्तातून जातो, असं डॉक्टरीण म्हणाली होती. मी म्हटलं, बेन, हे तुम्ही मला सांगता. घरोघर जाऊन कोण सांगणार?

आणि हो — तुमच्यापैकी कोणी त्या वर्षांत आमची पोळी खाल्ली असेल तर आता पोटावर हात फिरवू नका. तुम्हाला काही झालं नाही, होणारही नव्हतं. पण फिरवलात ना हात? त्या तुमच्या हाताचा मला अजून राग आहे. ताटात पोळी पडेपर्यंत सुशीलावहिनी, सुशीलावहिनी; आणि आजाराचं नाव कळलं असतं तर त्याच वहिनीचा पेला वेगळा ठेवला असतात. मी ओळखतो तुम्हाला. तुमच्या स्वयंपाकघरांत आयुष्य गेलंय माझं. — पण तो राग वेगळा. त्याच्याआड मला उभं राहायचं नाही.

थांबतो जरा.

दाढ दुखायला लागली तिची. उजवीकडची, मागची. गाल सुजला. आणि तोंडावर मुंज. घर मोठं, माणसं जुन्या वळणाची. घरातल्या म्हातारीला सगळे माई म्हणत. भारी कडक. त्यांना हॉल नको, केटरर नको, मागच्या अंगणात चुली मांडून सोवळ्यात स्वयंपाक हवा. माईंचा मुलगा दातांचा डॉक्टर, मुंज त्याच्याच पोराची. माईंनी सुशीलाचा गाल पाहिला आणि म्हणाल्या, "अहो नाना, घरचा डॉक्टर असताना दाढ कसली धरून बसलीय ही? आणा हिला, मुंजीच्या आत मोकळी होईल." आता नाही कसं म्हणायचं? काय कारण द्यायचं? आज शंभर सुचतात. तेव्हा एक सुचलं नाही. सुचलं नाही, की शोधलंच नाही?

लहरीपुरा दरवाजाच्या अलीकडे त्यांचं घर, वर माडीवर दवाखाना. सुशीला खुर्चीत बसली. मी बाजूला उभा. माईही आल्या वर, दारात उभ्या राहून मला विचारत होत्या की जिलबी आदल्या दिवशी तळणार की त्याच दिवशी. डॉक्टर पोरगा चांगला होता. त्याच्यावर माझा काही राग नाही. हातमोजे चढवता चढवता त्याने नीट विचारलं, तिच्याकडे बघून. "काकू, काही आजार? साखर, बीपी? कावीळ झालीये कधी? लागलं तर रक्त लवकर थांबतं ना?"

डॉक्टरीणबाईंनी जे बजावलं होतं तेच त्याने विचारलं. आणि विचारलं तिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. तुमच्याकडेही असेल. दवाखान्यात बाईला विचारलं की उत्तर नवऱ्याने द्यायचं. पोट तिचं दुखायचं, कुठे दुखतं ते मी सांगायचो. ताप तिला, कधीपासून ते मी सांगायचो. पाहुणे विचारायचे, वहिनी चहा घेणार का, तर नको म्हणायचं कामही माझंच. लग्न झाल्यापासून हे असं. तिला त्यात काही वाटत नव्हतं. — वाटत नव्हतं? कधी विचारलं होतं मी?

तर त्याने विचारलं आणि तिने तोंड उघडलं. दाढ दाखवायला नाही, बोलायला. मी पाहिलं. ओठ हलला होता. तेवढ्यात मी म्हणालो, "काही नाही हो डॉक्टर. ठणठणीत आहे. घोडी आहे कामाला."

माई हसल्या. डॉक्टर हसला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग तोंड मोठं केलं.

हे ते. इथवर यायला मला इतकी पानं लागली.

पण हे एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी बोललोही असतो. माणसाच्या तोंडून चटकन जातं एखादं, असं म्हणालो असतो. पुढचं चटकन गेलेलं नाही.

दाढ निघाली. कापूस दाबून घरी आलो. कापूस भिजला, दुसरा लावला, तोही भिजला. धार नव्हती, पाझर होता, माठासारखा. धार असती तर मी घाबरलो असतो, रिक्षा धरून पळालो असतो. पाझराला कोण घाबरतं? हळद दाबली. तुरटीच्या पाण्याच्या चुळा झाल्या. ती म्हणाली, "अहो, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ या का?" एवढंच म्हणाली, तेही आढेवेढे घेत. मी म्हटलं, मुंज होऊ दे.

आणि मुंजीच्या दिवशी तिला चुलीशी बसवलं.

सोवळं म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना ठाऊक नसेल. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कोणाला न शिवता स्वयंपाकाला बसायचं. मधे उठून बाहेर थुंकलं, चूळ भरली, की पुन्हा आंघोळ, पुन्हा दुसरं लुगडं, तोवर पुरणाला हात लावायचा नाही. माई स्वतः खुर्ची टाकून लक्ष ठेवून होत्या. सुशीला एकदा उठली, थुंकून, आंघोळ करून आली. थोड्या वेळाने पुन्हा उठली, पुन्हा आंघोळ. अंगात हुडहुडी भरलेली. पोळ्या मागे पडल्या. माई म्हणाल्या, "काय हो नाना, आज हिचा पाय चुलीशी ठरेना?" ती पुन्हा उठायला लागली, तेव्हा मी पीठ घ्यायच्या निमित्ताने तिच्याजवळ वाकलो आणि म्हणालो, "गिळ."

गिळ म्हणालो. रक्ताला. आपल्या बायकोला.

ती बसली. लाटत राहिली आणि गिळत राहिली. तोंडात रक्त धरून सोवळं कसलं? माईंना दिसलं असतं तर चूल विझवली असती त्यांनी. दिसलं नाही. एक थेंब इकडेतिकडे जाऊ दिला नाही तिने. एवढी स्वच्छ बाई. आणि तिथे, तिच्यापासून हातभर अंतरावर, मी आमटीला फोडणी देत होतो.

मुंज लागली, पंगती बसल्या, आणि ती वेगळंच वागायला लागली. पोळपाटावर गोळा नाही आणि लाटणं फिरतंय. तव्यावरची पोळी करपतेय, ती नुसती बघतेय. तिची पोळी करपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, वंदनाला शाळेतून आणलंत का?" वंदनाची पोरगी तेव्हा शाळेत जात होती. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. मी दातओठ खात म्हणालो, "नाटकं नकोत. पंगत बसलीय."

पुढे मला मोठ्या दवाखान्यातल्या लोकांनी सांगितलं. गिळलेलं रक्त पोटात जिरतं, त्याचं विष होतं. धडधाकट यकृत ते गाळून टाकतं. हिच्या यकृतात ती ताकद नव्हती. ते विष डोक्यात चढतं आणि माणूस भरकटतो. म्हणजे तिची ती नाटकं माझ्या एका शब्दाने लागलेली होती. घोटाघोटाने.

शेवटची पंगत उठत होती. माई मला सांगायला आल्या, "नाना, अशी पोळी जन्मात खाल्ली नाही." तेवढ्यात मागे मोरीशी सुशीला भडभडून ओकली. करपलेल्या गुळासारखं काळं.

मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यांनी पिवळ्या पाण्याच्या पिशव्या चढवल्या, लालही चढवल्या. जे आधी करायचं होतं ते मागून केलं. रक्त थांबलं. गोड औषध पाजून पोट साफ करत राहिले, तसतसं तिचं डोकं ठिकाणावर आलं. तिने मला ओळखलं. वंदनाला ओळखलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाई आली आणि तिला फार बोलली. किती बजावलं होतं, दात काढण्याआधी आजार सांगायचा म्हणून, का नाही सांगितलंत?

वंदना उशाशी. मी पायथ्याशी. पुन्हा विचारलं तिलाच होतं. आणि या खेपेला मी तिच्या वतीने बोललो नाही. सबंध जन्मात एकदा बोलायचं होतं, तेव्हा मी चादरीची घडी नीट करत उभा राहिलो.

ती म्हणाली, "विसरले हो."

वंदना रडली, मग चिडली. "आई, असं कसं गं विसरलीस? एवढी मोठी गोष्ट?" सुशीलाने तिच्या हातावर थोपटलं. माझ्याकडे बघितलं नाही. शिक्षा म्हणून नाही. बघितलं असतं तर वंदनाच्या ध्यानात आलं असतं, म्हणून. — की आणखी कशासाठी? नवऱ्याला वाचवलं, थोर बाई, असं म्हणू नका. मी तरी का म्हणतोय? तिच्या वतीने बोलणारा मी एक झालो तेवढा पुरे. तिने तसं का म्हटलं, मला माहीत नाही. त्यानंतर काही आठवडे ती होती. पोटात पाणी झालं, पाय सुजले, पुन्हा रक्त गेलं. आम्ही दोघंच असायचो कितीतरी वेळ. मी तिला विचारलं नाही. ती गेली.

वंदना त्या दातांच्या डॉक्टरशी भांडायला गेली होती. तो म्हणाला, ताई, मी विचारलं होतं, काही नाही असं सांगितलं. कोणी सांगितलं, ते तिने विचारलं नाही. आईनेच सांगितलं असणार, आणखी कोण? घरी येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटलं. ह्याच हाताने.

आता त्या रोगावर गोळ्या निघाल्यात म्हणे. काही महिने घेतल्या की रक्त साफ. वंदना एकदा मोबाइलवर वाचून दाखवत होती. मी म्हटलं, बंद कर ते.

दर वर्षी सुशीलाच्या तिथीला वंदना चार माणसं जेवायला बोलावते. जेवणं झाली की सांगते. चांगल्या हेतूने सांगते. लिवरचा आजार असला तर डॉक्टरपासून लपवू नका, दातवाल्यालासुद्धा सांगा, माझी आई सांगायला विसरली आणि जिवाला मुकली. लोक चुकचुकतात. मी खुर्चीत बसून मान हलवतो. दर वर्षी हलवली. या वर्षी नात सगळ्यांना बडीशेप देत होती. आता मोठी झाली, कॉलेजात जाते. ती हसत म्हणाली, "आज्जी पहिल्यापासूनच विसराळू होती का गं?"

आणि वंदना म्हणाली, "होती थोडी."

विसराळू? ती? कोणाच्या आजीला दात नाहीत ते ध्यानात ठेवणारी? माझ्या हातात वाटी होती, ती मी भिंतीवर फेकली. "कोण विसराळू? कोण?" ओरडलो. पोरगी घाबरून आईला चिकटली. पाहुणे म्हणाले, असू दे, म्हातारपण आहे, बायकोची आठवण आली असेल. मला पाणी दिलं. मी प्यायलो. बघा — तेव्हाही प्यायलो आणि गप्प बसलो.

मी सुटलो त्याचं काही नाही. पण माझ्या पोरीने आपल्या आईला मूर्ख ठरवलं, आता नातही ठरवेल, पुढे तिची मुलंही म्हणतील, आमची एक पणजी होती, विसरून मेली. आणि तिथे सगळ्यांत कमी विसरलेली बाई ती होती. खुर्चीत बसल्या बसल्या तिला सगळं आठवत होतं. ओठ हलला होता तिचा.

रविवारी वंदना यायची आहे. पोरीलाही आण, म्हटलंय. त्या दोघींना पुढ्यात बसवून मी हे सगळं वाचणार, "गिळ"सकट. तुम्हाला आधी सांगितलं ते त्यासाठीच. माझ्या तोंडाला सवय व्हावी म्हणून.

मग वंदना काहीतरी बोलेल. किंवा उठून जाईल. किंवा पोरीचा हात धरून घेऊन जाईल आणि पुन्हा येणार नाही. ती काय म्हणेल, ते मी इथे लिहीत नाही. तिचं ती म्हणेल. मी मधे बोलणार नाही.